आईच्या ओव्या पुसल्या गेल्या, त्याबद्दल

पेठ

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्र तरी तुला मध्येच कट करता येणार नाही.

मी हल्ली जुन्नरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. परवा मुलांना शेलमधलं, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम देतो त्या खिडकीतलं, व्हेरिएबल समजावत होते. 'गाव' या नावात 'पेठ' ठेवलं, की पुढे डॉलरचं चिन्ह लावून 'गाव' लिहाल तिथे शेल 'पेठ' मांडतं. मग त्याच खिडकीतून एक स्क्रिप्ट, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या हुकमांची फाइल, चालवली आणि तिच्याकडून गाव छापून घ्यायला गेले, तर कोरी ओळ! स्क्रिप्ट आपल्या वेगळ्या शेलमध्ये चालते. 'एक्स्पोर्ट' असा हुकूम देऊन पुढे पाठवल्याशिवाय इथं ठेवलेलं तिला कळत नाही. बरं, शेल कुरकुरही करत नाही. काही ठेवलेलं नसलं तर कोरं मांडतं आणि पुढच्या ओळीला लागतं. मुलं हसली. मला मात्र तू आठवलास.

तुझंही तेव्हा हेच झालं ना रे? आईच्या रेकॉर्डिंगच्या 'ओव्या' फोल्डरच्या आतलं फक्त 'कच्चं' फोल्डर तुला पुसायचं होतं. त्याचं नाव तू खिडकीत ठेवलंस, पण स्क्रिप्टपर्यंत ते पोचलंच नाही. पुसायच्या हुकमात 'ओव्या'च्या पुढचं आतलं नाव कोरं राहिलं आणि अख्खं 'ओव्या' गेलं. तू चार वेळा हे सांगत होतास आणि मला वाटत होतं, हा सारवासारव करतोय. आता कळून काय उपयोग?

आईचा तो आवाज आठवला तरी जीव कळवळतो. मेंढरं कुणाच्या तरी रानात बसवलेली, चूल पेटलेली आणि तू मोबाईल पुढं धरलेला. "लई जवळ आणू नगं, मला दात न्हाईत," म्हणायची. आणि एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. तिच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांना ऐकवायचं म्हणून तू साफसफाई करायला बसलास. दादा, तू आळशीपणानं काही घालवलं नाहीस. हे तेव्हाच कुणीतरी बोलायला हवं होतं.

आप्पा त्या दिवशी एक शब्द न बोलता मेंढरांकडे निघून गेले आणि तू बॅग भरलीस. ते रागावले असंच तू धरून चाललास. अरे, ते वाघरात, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, जाऊन रडत होते. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "पोराला काय बोलू? त्याच्या तर आईचाच आवाज गेला." हे मी तुला कळवलं नाही. तुम्ही दोघं आपलं आपण मिटवाल, असं वाटलं.

गेल्या महिन्यापासून आप्पा आईच्या ओव्या म्हणतात. सगळ्या पाठ आहेत त्यांना, आपल्याला पत्ताच नव्हता. मी मोबाईल पुढं केला तर ढकलून दिला. "ऋतिक आल्यावर म्हनीन," एवढंच. पण आवाज घोगरा झालाय. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, घशात गाठ निघाली. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढावं लागणार आहे, दादा. त्यानंतर आप्पा बोलू शकणार नाहीत. त्याआधी घरी ये.

तुझीच,
सुप्रिया