पडल्यावर लगेच उठणाऱ्या व्याह्यांना

प्रिय फ्रँकराव,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. पण भांडायचं तर मला मराठीच लागतं, आणि आज तुमच्याशी भांडल्याशिवाय घशाखाली चहा उतरायचा नाही. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. माझी मंजिरी, तुमची सून, अजून धड जेवत नाही. "आई, मी डॉक्टर, आणि घरातल्याच माणसाचं हार्ट मला कळलं नाही," हेच धरून बसलीय.

कळणार कसं? तुम्ही कळू दिलंत का?

जिना चढताना मध्येच थांबायचात. तिनं विचारलं की "आय ॲम फाइन, डॉक!" आणि वर डोळा मिचकावायचात. काय म्हणावं या माणसाला!

आणि तो तुमचा अमेरिकेतला खेळ! चेंडू काखोटीला मारून पळायचं नि म्हणायचं फुटबॉल. "मग पायाचं काम काय?" विचारलं, तर म्हणालात, "पळायचं!" मला शिकवायला माझेच बटाटे ओट्यावर ओळीनं मांडलेत, मागे लिंबू ठेवलंत. लिंबू म्हणजे हाफबॅक, चेंडू घेऊन पळणारा, म्हणजे तुम्ही. समोरच्या बटाट्यांनी लिंबाला आडवं करायचं. त्या दिवशी जेवायला दुपारचे तीन वाजले!

लग्नात मानाचा नारळ दिला, तर तोही काखेत घट्ट. फोटोवाला "खाली ठेवा" म्हणून थकला, पण तुम्ही सोडाल तर शपथ.

फ्युनरलनंतर माझ्या जावयानं, पीटरनं, तुमची तरुणपणची फिल्म डीव्हीडीवर लावली. चार-पाच मोसमांची काय ती कारकीर्द, मग गुडघाच गेला. तुम्ही पडायचात, अंगावर ढीगभर माणसं, की लगेच उभे! आमची इथली, कार्डिफची, रग्बीवाली मंडळी दर वेळी टाळ्या वाजवत होती. मला मात्र राग आला.

तुम्हीच सांगितलं होतंत ना, "पडून राहिलं की समोरच्याला कळतं कुठं दुखतंय. पुढच्या वेळी तो तिथंच धडकतो."

अहो, पण आपल्या घरात समोरचा होता कोण? तुम्हाला धडकणार कोण होतं, मंजिरी?

त्याच फिल्ममधल्या शेवटच्या सामन्यात गुडघा फाटलेला, तरी तुम्ही सरळ चालत बाहेर गेलात. अकरा दांडगे तुमच्या पायांकडे टक लावून होते, त्यांना कळलं नाही. तुमच्या टीमच्या डॉक्टरलाही, म्हणे, रात्री बूट निघेना तेव्हा कळलं. मग दिवसभर वॉर्डात राबून आलेल्या माझ्या पोरीला काय कळणार होतं?

हेच तिला सांगणार आहे. आज शिफ्टवरून आली की टीव्हीपुढे बसवते, तो सामना लावते नि म्हणते, "बघ, यांनी कुणाकुणाला फसवलंय. तू एकटी नाहीस." मग वरणभाताचं ताट पुढ्यात. चार घास पोटात जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही, हा माझा शब्द.

तुमच्यावर अजून चिडलेली,
विहीण सुमन