मधल्या म्युझिकची जागा

प्रिय कुमुदताई,

नमस्कार. प्रकृती कशी आहे हे विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. परवा आपलं 'मीठ रुसलं' झालं. तुमच्याशिवाय झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मनात आलं, दुकान उघडायच्या आधी ताईंकडे जाऊन यावं, काय जमलं, काय फसलं ते बोलावं. पायात चप्पल घातली आणि मग आठवलं. आता कुणाशी बोलू? आमच्या ह्यांना नाटकातलं एवढंच कळतं, की ते संपलं की घरी जाऊन जेवायचं असतं. म्हणून आज मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर, ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यांमध्ये बसून तुम्हाला लिहिते आहे.

आधी मला भांडून घेऊ द्या. तुम्हाला माहीत आहे, पोटात ठेवलं तर मला अन्न गोड लागत नाही.

शाळेतून रिटायर होऊन तुम्ही जानेफळला परत आलात आणि देवळाच्या सभागृहात संध्याकाळी पाच वाजता मुलांना गाणं आणि नाटक शिकवायला लागलात, तेव्हा गाव तुम्हाला हसलं होतं. शाळा सुटल्यावर पोरं ट्यूशनला जायची की नाचायला? मीच म्हणाले होते तसं! तरी गौरीला पाठवली, कारण ती घरी माझ्या कात्र्या घेऊन चिंध्या कापत बसायची.

पहिल्याच वर्षी राजा झालेला मुलगा ऐन प्रयोगाच्या दिवशी मामाच्या शेतात कापूस वेचायला गेला. राजाशिवाय दरबार कसा भरवणार? लावलेला पडदा तुम्ही तसाच काढायला लावलात. कुणावर ओरडला नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून तुमचा तो नियम आला. प्रत्येकाला सगळं पाठ पाहिजे. सगळ्यांची वाक्यं, सगळ्यांची गाणी. भूमिका कुणाच्या नावावर नाही, जो आला त्याची. प्रयोगाच्या दिवशी दुपारी तुम्ही सतरंजीवर बसायच्या, कोण कोण आलंय ते बघायच्या आणि तेव्हा वाटप करायच्या. कापूस फुटला की अर्धा वर्ग गायब होणाऱ्या आपल्या भागात दुसरं काय चालणार होतं?

नियमाला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती वांग्याला! राणीनं 'मिठात काय एवढं' म्हटल्यावर मीठ रुसतं, लोणारच्या तळ्यात जाऊन लपतं आणि सगळं स्वयंपाकघर त्याला शोधत निघतं, असं तुमचं नाटक. सगळी मोठी गाणी मिठाला. आणि माझी गौरी तीन वर्षं वांगं! जांभळ्या सॅटिनचं, आत कापूस भरलेलं, हिरव्या देठाचं ते वांगं मीच शिवलं होतं, आणि दर वर्षी त्यात माझीच पोरगी घुसायची.

"ताई, यंदा तरी तिले मीठ द्या ना," मी म्हणाले होते.

"वांगं काय वाईट हाये का व, शुभांगी?"

"वाईट नाही हो. पण तीन वर्षं झाले, वांगंच करून राह्यली ते!"

"तिले विचारलं का तू?" एवढंच म्हणालात आणि पेटीचा भाता हलवायला लागलात. तुम्हाला उत्तर द्यायचं नसलं की तुमचं हार्मोनियम सुरू व्हायचं. हे काय बोलणं झालं?

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे, ताई, आणि ते तुम्ही गेल्यावर सुरू झालं. एकदा सायकल दुकानवाल्या शेखभाईंच्या अल्फियानं पेटीच्या पट्टीवर हळूच बोट ठेवलं होतं. आठवतं? तुम्ही तिचा हात बाजूला केलात. "तिले हात नाही लावाचा. सूर बिघडतात." पोरगी एवढीशी झाली. तेव्हा मी काही बोलले नाही, तुमची वस्तू. आता बोलते. पोरांना सगळं पाठ करायला लावलंत, म्हणजे कुणी आलं नाही तरी अडू नये. आणि स्वतः? तुम्ही एक दिवस आला नाहीत तर पेटीवर कोण बसणार, हा विचार तुमच्या डोक्याला कधी शिवला नाही? सगळ्या गावाला लावलेला नियम तेवढा तुम्ही स्वतःला लावला नाहीत!

श्रावणात तुम्हाला संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा गाडीच्या खिडकीतून म्हणालात, "पोळ्याले येते मी, पोट्ट्यायले सांग, गाणे घोकून ठेवा." पोरं घोकत बसली. पोळा आला, बैल सजले, आणि तुमच्या भाच्याचा फोन आला. नंतर तो तुमचं घर आवरायला आला तेव्हा पेटी माझ्या दुकानात ठेवून गेला. आत्याची इच्छा होती, क्लासची वस्तू क्लासलाच राहू द्या, म्हणाला. मी ती अस्तराच्या कापडात गुंडाळून फळीवर ठेवली. खूप रडले त्या दिवशी. गिऱ्हाईक आलं तर म्हटलं, सर्दी झाली आहे.

मग वानखडे काका आले. सभागृहाची किल्ली त्यांच्याकडेच असते.

"बाई गेल्या. आता पोरायले शिकवणार कोण? इंग्रजीच्या क्लासवाल्यानं पाचची येळ मागतली हाये."

"काका, जानेवारीचा प्रयोग तं होऊ द्या!"

"कोण करते प्रयोग?"

"आम्ही करतो."

"करा मंग. झाला तं पाहू, नाही झाला तं जागा त्याले देतो."

बोलून तर बसले. ताई, मला आरतीसुद्धा दुसऱ्याच्या आवाजाच्या आडोशानं म्हणता येते. पण पाच वाजता सभागृहात जाऊन बसायला लागले, आणि बघते तर मला काही करावंच लागत नव्हतं. यंदाच्या नव्या पिल्लांना मोठी पोरं शिकवत होती. एक म्हणायचा, "तू राणीची ओळ खाल्ली बे," दुसरी म्हणायची, "इथं श्वास नाही घ्यायचा, ताई रागावतात." रागावतात, म्हणायची. मी ती चूक दुरुस्त केली नाही.

अडलं ते पेटीपाशीच. मोबाईलमधली जुनी रेकॉर्डिंग शोधली. एकही कामाचं नाही! प्रत्येकात मध्येच तुम्ही ओरडता आहात, "पुन्हा!" मग भजनी मंडळाच्या महादेवरावांना हात जोडले. ते बिचारे आले, तुमची पेटी उघडली, सुरू केलं, आणि अर्ध्या गाण्यात घाम पुसायला लागले. पोरं कुठं, हे कुठं. चार दिवसांनी मला म्हणाले, "बाप्पा, पोट्टे माह्या मागं येऊन नाही राह्यले, मीच त्यायच्या मागं पळून राह्यलो. मले भजनाची सवय हाये व, हे काही जमत नाही." शेवटी ठरवलं, पेटीशिवाय करायचं. महादेवरावांनी सुरुवातीला फक्त सूर द्यायचा आणि बाजूला व्हायचं. तसा प्रयोग प्रत्यक्षात कसा होईल ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की हे फसलं तर सोमवारपासून पाच वाजता तिथं इंग्रजीचं व्याकरण सुरू.

प्रयोगाच्या दुपारी तुमच्या जागी मी सतरंजीवर बसले. दोघं लग्नाला गेलेले, एकीला ताप, आणि कापसाचं तर विचारूच नका. वाटप माझ्या हातात होतं, ताई! खोटं कशाला बोलू, मी मनात आधीच ठरवून आले होते.

"गौरी, तू मीठ."

"नको ना मम्मी."

"काऊन?"

"मिठाले कोणी हसत नाही. वांगं आलं की सगळे हसतात. अन् म्या ताईले कवाचं सांगून ठेवलं हाये, मले वांगंच देजा."

म्हणजे तीन वर्षं मी तुमच्याशी भांडले ते कशासाठी? आणि तुम्हाला हे माहीत होतं! मला सांगायचं नाही? 'तिले विचारलं का' म्हणे! आत्ता कळतंय, भाता हलवताना तुम्ही मान खाली का घालायच्या ते. हसत होतात ना? मी अल्फियाला मीठ केलं आणि गौरीच्या डोक्यावर देठ बांधून दिला. जरा जोरातच बांधला.

सभागृहापुढचं पटांगण भरलं. बाया पुढे, माणसं मागे, मोटारसायकलींवर पोरं. वानखडे काका लाइटच्या बटणापाशी हाताची घडी घालून उभे. तुमची पेटी रोजच्या जागी, डाव्या बाजूला ठेवली होती. महादेवरावांनी सूर दिला, पेटी बंद केली आणि उतरून पुढच्या रांगेत बसले. पोरांनी पहिलं गाणं उचललं, 'रुसलं मीठ, निघालं मीठ, लोणारच्या वाटेला लागलं मीठ'. छान उचललं हो! एका आवाजात. पहिलं कडवं झालं आणि सगळे गप्प झाले.

विसरले! सगळेच्या सगळे विसरले. मी पडद्याआडून दात ओठ खात म्हणत होते, "म्हणा ना बे, पुढचं म्हणा!" कुणी ढिम्म हललं नाही. मागून एकानं शिट्टी मारली. वानखडे काकांनी हाताची घडी सोडली. तेवढ्यात माझ्या जवळच उभ्या वांग्यानं मला हात केला, थांब म्हणून. आणि मग एकदम, कुणी खूण केली नाही, कुणी मोजलं नाही, सगळ्यांनी दुसरं कडवं उचललं. एकही मागे नाही, एकही पुढे नाही.

मधलं म्युझिक, ताई! कडव्याच्या मध्ये तुम्ही पेटीवर वाजवायच्या ते. पेटी नाही तर ती जागा गाळायची, सरळ पुढं गायचं, हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नव्हतं. मला कुठं कळतं एवढं? तालमीत महादेवराव तिथं काहीतरी वाजवायचे, आणि ते थांबल्यावर आम्ही नुसत्या वाक्यांच्या तालमी केल्या. म्हणून पोरं तुमच्यासाठी थांबली. तुम्ही जेवढं वाजवायच्या, तेवढी थांबली. सूर न् सूर मनात म्हणत होती ती.

दुसऱ्या गाण्यात तसंच झालं, तेव्हा शिट्टी आली नाही. तिसऱ्यात तर पटांगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढे बसलेल्या बाया त्या गप्प जागेत मान डोलवत होत्या. त्यांनी तीन वर्षं ऐकलेलं होतं ना. मी पडदा तोंडात धरून रडले. चांगलीच रडले.

मी इतके महिने म्हणत होते, की तुमचं काम तुम्ही कुणालाच शिकवलं नाही. ते मी निम्मं मागे घेते. पोरांना तुमचं सगळं पाठ होतं, वाजवता तेवढं येत नव्हतं. राहिलेलं निम्मं मात्र मागे घेणार नाही. अल्फियाला तेव्हा बोट ठेवू द्यायला पाहिजे होतं तुम्ही.

वांग्याला केवढा हशा आला म्हणून सांगू!

संपल्यावर महादेवराव मागे आले. "आता समजलं मले कुठं थांबाचं ते," म्हणाले. "पोरायनं दाखवलं. गाणे तुमचे मले येत नाहीत, पण पट्टीवर बोटं कशे ठेवाचे ते शिकवू शकतो." वानखडे काका सतरंज्या गुंडाळायला लावत होते. मी समोर जाऊन उभी राहिले, भांडायच्या तयारीनंच. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सोमवारी पाचले उघडून ठेवतो," म्हणाले. "त्या इंग्रजीवाल्याले सातची येळ देली."

म्हणजे आज. थोड्या वेळानं शटर ओढून मी तिकडेच जाणार आहे, पेटी घेऊन.

तर ताई, आता माझा शब्द घ्या. तुमचा नियम तुमच्या पेटीला मी आजपासून लावणार. ज्याला वाटेल तो तिच्यावर बोट ठेवेल, पहिली अल्फिया. भात्याला हात पुरत नाही ती धाकटी पिल्लंसुद्धा आळीपाळीनं बसतील. सूर बिघडले तर महादेवराव लावून आणतील, तुम्ही तिकडून रागावू नका. मीही शिकेन, जमेल तेवढं. आणि ज्या दिवशी मी येणार नाही, त्या दिवशी पाच वाजता दुसरं कुणीतरी पेटी उघडेल, आणि पोरांना कुणासाठी गप्प उभं राहावं लागणार नाही.

भांडायला आता तुम्ही उरला नाहीत म्हणून करमेनाशी झालेली,
शुभांगी
(वांग्याची आई)