सी शिफ्टची तारीख

भिलाई, सेक्टर ६

प्रिय मित्र बळीराम,

धोंडबाचा रामराम. रुक्मावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे माझं बीपी चढतं-उतरतं, मी मात्र एका जागी बसून असतो.

आपल्या विदर्भ मित्र मंडळाच्या निवडणुकीचं तुझं टपाली मत पुण्याहून पोचलं आणि त्यानं तपासणी समितीला कामाला लावलं. (समितीत आम्ही तिघं. रिटायर माणूस रिकामा दिसला की लोकांना बघवत नाही, म्हणून मला घेतलं.) नियम असा, की पाकिटावर मतदाराची आणि साक्षीदाराची तारीख एकच हवी. तू घातलीस चौदा, तुझ्या मुलानं, मोनूनं, पंधरा. समितीतली संघमित्रा शाळेत गणित शिकवते, ती भिंग घेऊनच बसली. म्हणाली, "काका, ये तो मिसमॅच है. मले काही बरोबर वाटून नाही राहिलं." जामुलचे किराणावाले कृष्णराव म्हणाले, सरळ रद्द करा. यात दीड तास आणि किलोभर चिवडा गेला.

मला मात्र बघताक्षणीच कळलं. मोनू कंपनीतून रात्री दीडला येतो, तेव्हा तू त्याची सही घेतलीस. त्यानं कॅलेंडरची तारीख घातली, तू सी शिफ्टची. आपल्या पोलाद कारखान्यात फर्नेसवर रात्री दहाला लॉगबुकात जी तारीख चढायची, ती सकाळी सहापर्यंत बदलायची नाही. अरे, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुठली भट्टी सांभाळतोस? म्हणजे तुलाही झोप येत नाही. बावीस वर्षं त्या लॉगबुकात तुझ्या सहीखाली माझी सही पडली. पाकिटावर तुझी सही पाहिली आणि खाली आपली करायला हात शिवशिवला. फार आठवण येते रे तुझी.

तर समितीचा निर्णय असा, की तीस तारखेच्या आत तू स्वतः भिलाईला येऊन तारखेचा खुलासा करावास, नाहीतर मत बाद. तिकीट लगेच काढ, मंडळाच्या इज्जतीचा प्रश्न आहे.

तुझा,
धोंडबा

ता.क. : समितीत फर्नेसवर राबलेला मी एकटाच. सी शिफ्टचा रिवाज मी सांगितला असता तर पाकीट तिथंच पास झालं असतं. मी चिवडा खात गप्प बसलो.

ता.क. दुसरा : इथं हजर असलेल्यांची मतं रविवारीच मोजून झाली. ललिताबाई नव्वद मतांनी पुढे आहेत आणि टपाली मतं सगळी मिळून अकरा. तुझ्या मतानं काहीच होणार नाही. तू ये.