पाठमोरी सून

३ मार्च
मौन! डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्राला सूज आहे. महिनाभर एक शब्द नाही." हे मला! सभागृहं दणाणून सोडणारी बाई आता पाटीवर लिहून पाणी मागते. दादा म्हणतो, "या घरात प्रथमच शांतता नांदेल." हस मेल्या!

५ मार्च
तोंड बंद, म्हणून संध्याकाळी वहिनीशेजारी बसून तिची मालिका पाहिली. मूळची परभाषेतली. त्यातल्या सुनेला मराठीत आवाज देते माझी भाची, वहिनीचीच लेक. ऐकून रक्त उसळलं! पुरुष हुकूम सोडतात, वाक्यं पुरी करतात. गाडीचा ड्रायव्हरसुद्धा ठणकावून बोलतो. सून मात्र "म्हणजे... मला वाटत होतं... राहू दे." वकील आहे म्हणे ती! कोर्टातही "राहू दे" म्हणते काय? पाटीवर लिहिलं, हिला एक वाक्य तरी पुरं करू द्या! वहिनी म्हणाली, "वन्सं, पाटी जरा बाजूला घ्या. दिसत नाही."

९ मार्च
भाची आली. तीच पाटी तिच्या नाकासमोर धरली. "आत्या, मी काय करू? ओठ हलतात तेवढेच शब्द बसवायचे. वर दिग्दर्शक म्हणतो, आवाज खाली घे, सून आहे ती." मग डोळे मिचकावून म्हणाली, "पण ती पाठमोरी असली की ओठ दिसत नाहीत. तेव्हा काहीही बसतं."

१४ मार्च
बसवलं! सासऱ्याने बोलणं तोडलं, सून खिडकीकडे वळली, आणि पाठीमागून ऐकू आलं — "थांबा. माझं बोलणं संपलेलं नाही." वहिनी बटण शिवत होती. सुई तशीच हवेत. मला ओरडता येईना, उशी बडवली. धन्य ती पोर!

१६ मार्च
दिग्दर्शक भडकला. माफी माग, नाहीतर सुनेचा आवाज दुसरीला. भाची जेवायला आली ती डोळे सुजवूनच.

दादा म्हणाला, "माग माफी. लागलेलं काम कुणी लाथाडतं का?"

"मला वाटतं, तिने..." वहिनीने तोंड उघडलं.

"तू मध्ये पडू नकोस."

मी खडू उचलला. अख्खं भाषण तयार होतं! पण पहिलं अक्षर काढायच्या आत वहिनीने वाटी खाली ठेवली. "थांबा. माझं बोलणं संपलेलं नाही." आवाज चढवला नाही हं. दादाचा घास हातातच राहिला. मग ती बोलली. लेकीने माफी का मागू नये, अगदी मुद्देसूद. माझी पाटी कोरी.

या सुजलेल्या घशाचे उपकार कसे फेडू? आवाज असता तर तिचं भाषणही मीच ठोकून मोकळी झाले असते.

२१ मार्च
माफी मागितली नाही. काम गेलं. सुनेला नवा आवाज, आणखी मऊ. वहिनीनेच टीव्ही बंद केला. भाची उद्या दुसरीकडे आवाजाची चाचणी द्यायला जाते आहे. सोबत आई.

२ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, "आता बोला."

घरी कुणाला सांगितलेलं नाही. वहिनी बोलत होती.