भाकरीवाले भाऊजी

३ ऑगस्ट २०२५
टीव्हीवर दिसलो! कार्यक्रम 'पुढाऱ्यांच्या घरचं जेवण'. आमची स्नेहल सरपंच, म्हणून नवऱ्यानं भाकरी थापून दाखवायची. मला भाकरी येत नाही, पण ही किरकोळ अडचण. तोंड माझं, हात स्नेहलचे. तिनं बांगड्या काढल्या, माझं घड्याळ घातलं, कॅमेरा फक्त हातांवर. भाकरी टम्म फुगली. मी म्हणालो, समानता घरापासून.
संकल्प: आठवड्यात भाकरी शिकायची. म्हणजे खोटं आपोआप खरं होईल.

१० ऑगस्ट
तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बायकांनी सेल्फी घेतले. एक मावशी नवऱ्याला म्हणाली, शिका कायतरी ह्यांच्याकडनं. भेंडी न घेताच गाडीत बसलो.
चॅनेल आता दर आठवड्याला घरी शूटिंग करणार. लोकांना खरं सांगूया म्हणणारच होतो, पण डायरेक्टर फार खुशीत होता. चांगल्या माणसाचा मूड घालवणं पाप.

२१ ऑगस्ट
शूटिंग आणि पंचायतीची मासिक सभा एकाच वेळी. स्नेहल म्हणाली, पाण्याच्या टाकीचा विषय हाय, जावं लागंल. म्हटलं, एकच भाकरी. मग लाइट गेली, मग रिटेक. तिकडं उपसरपंच मल्हारीनं टाकी स्वतःच्या वस्तीकडं वळवली.
आईनं सुनेचे हात पाहिले. नवरा जिता असताना हात भुंडं कसं, म्हणून रडायला लागली. मी म्हणालो, अगं, मी इथंच आहे. तर म्हणे, त्योच तर घोर हाय.

१८ सप्टेंबर
पुन्हा सभा, पुन्हा शूटिंग. दौंडहून शेगडीवाले स्पॉन्सर आले होते, नाही कसं म्हणणार? स्नेहलनं बांगड्या काढल्या आणि घड्याळासाठी हात पुढं केला. भांडली असती तर बरं झालं असतं, मीही भांडलो असतो. जेवण गेलं नाही.
पुढच्या सभेला तिला स्वतः गाडीनं सोडणार. लिहिलं, म्हणजे झालंच.

९ ऑक्टोबर
ग्रामसभेत स्नेहलवर अविश्वास ठराव. मंजूर. कारण, सरपंच सभेला गैरहजर. मल्हारीनं मोबाइलवर माझाच एपिसोड लावला. बघा म्हणाला, नवरा बिचारा भाकऱ्यासुदिक थापतो, घरात बाईला काडीचं काम न्हाई, तरी सभेला यायला सवड न्हाई.
सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. उठून खरं सांगणार होतो. शप्पथ. पण कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
स्नेहलनं एकदाच मागं वळून पाहिलं.

१० ऑक्टोबर
चॅनेलचा फोन. कार्यक्रम पुढाऱ्यांच्या घरचा असल्यानं पुढचा भाग मल्हारीकडं.
संध्याकाळी स्नेहलनं परात माझ्यापुढं सरकवली. आता मला येळच येळ हाय, शिकवते, म्हणाली. हातात बांगड्या होत्या. मी थापली, उचलताना फाटली. माझंच चुकलं, म्हणालो. ती म्हणाली, पीठ अजून मळा. फाटकी भाकरी भाजून तिनं स्वतःच्या ताटात घेतली.
लाज वाटली. गावासमोर सगळं खरं सांगून टाकणार आहे.
आधी भाकरी जमू दे.