बारा घरं

हिंजवडी, ३ मार्च २०२४

तीर्थस्वरूप श्रीधरमामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकत नाही, म्हणून पत्र. नोकरी सोडून स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं मनात आहे. कल्पना दोन. एक, सोसायटीतल्या पाहुण्यांची नोंद. दुसरी, मामीसाठी करून दिली तीच: औषध दिलं की मोबाइलवर खूण करायची, म्हणजे मामीची शुश्रूषा करणाऱ्या मथुराबाईंनी दिलेली गोळी तुम्ही पुन्हा देणार नाही. मित्र दोन्हींना छान म्हणतात, पण छान म्हणायला काय जातं? म्हणून ठरवलंय, दहा परक्या घरांनी दोन महिने रोज वापरलं तरच राजीनामा. तुमच्याबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना विचाराल का?

आई गेल्यावर मामीने मला वाढवलं. तिच्यासाठी केलेलं चालावं असं फार वाटतं. तिला नमस्कार सांगा, आणि माझ्यावर रागवायचंच असेल तर पत्रानेच रागवा.

आपला,
आमोद


धायरी, ११ मार्च २०२४

चि. आमोद यास अनेक आशीर्वाद.

पत्र चार दिवसांत आलं, म्हणजे तुमच्या कंपनीच्या बसपेक्षा लवकरच. सोसायटीचं सोड. आमच्या गेटवरचा वैजनाथ नाव विचारायच्या आधीच माणसाला आत सोडतो. औषधांचं कर. मंडळींत विचारलं, बारा घरं तयार आहेत. मात्र त्यांना भेटायला जाऊ नकोस की फोन करू नकोस. घरातलं आजारपण परक्याला दाखवायला कुणाला आवडत नाही. काय विचारायचं ते मला लिही, मी उत्तरं कळवीन.

मामीचा उजवा हात अजून उचलत नाही, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. रोज सकाळी विचारते, आमोदकडे किती घरं झाली.

वेळेवर जेवत जा. आमची माया आहेच, ती मागावी लागत नाही.

श्रीधरमामा


हिंजवडी, २ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

मामीच्या तेराव्याहून परत आल्यावर आज पहिल्यांदा कामाला बसलो. नोंदी उघडल्या. बाराही घरांतली शेवटची खूण नऊ नोव्हेंबरच्या सकाळची आहे, मामी गेली त्या सकाळची. त्यानंतर एकाही घरात कुणी गोळी घेतलेली नाही.

बारा घरांतले आजारी एकाच दिवशी बरे होत नाहीत, मामा. जूनमध्ये मी यांच्या भरवशावर राजीनामा दिला. ही घरं कुठली, ते मला लिहा.

आमोद


धायरी, ७ डिसेंबर २०२४

चि. आमोद यास आशीर्वाद.

घर एकच होतं, आपलं.

फिरायच्या मंडळींना मी विचारलं होतं रे. विश्वजीत बघू म्हणाले. नंदाताईंना कागदावर लिहिलेलंच बरं वाटतं. बाकीच्यांनी विषय बदलला. घरी आलो तर तुझ्या मामीने विचारलं, किती घरं. तिच्यासमोर एकही नाही म्हणवेना, बारा म्हणून गेलो. अंथरूण धरल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग तुलाही तेच लिहिलं. रोज चहानंतर बारा नावांनी खुणा करत बसायचो. तू सारखा विचारायचास की घरांना आणखी काय हवं, तेव्हा सुचेल ते लिहायचो. तू राजीनामा दिलास त्या दिवशी सांगायला हवं होतं, पण तिने मथुराबाईंकडून पेढे आणवले होते.

ती गेल्यावर मोबाइल हातात धरवेना. मोठी चूक झाली. माफ कर म्हणायचं तोंड नाही.

श्रीधरमामा


हिंजवडी, १५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, उद्यापासून जायचं आहे. सॉफ्टवेअर बंद केलं.

मामीशी खोटं बोललात त्याचा राग नाही. तिच्यासमोर मीही बाराच म्हणालो असतो. मला मात्र खरं हवं होतं. एकच घर आहे असं लिहिलं असतंत तर दोन दिवस वाईट वाटलं असतं, मग दुसरं काही शोधलं असतं.

नोकरीचं दुःख नाही, ती मिळाली. पण दिवाळीत मामीने मला दोनदा बोलावलं होतं, आठवतंय ना? मी आलो नाही. चौथ्या घरातल्या आजोबांना अक्षरं मोठी हवीत असं तुम्ही कळवलं होतं, आणि ते पाडव्याच्या आत करून द्यायचं म्हणून मी इथेच बसून राहिलो.

मासिक श्राद्धाला येईन. त्या दिवशी यावर काही बोलू नका.

आपला,
आमोद