एका मेखेची जागा

साउथॅम्प्टन, १४२१

हॉविस वहिनी,

गावच्या चर्चमध्ये आता फ्रेंच पाद्री आलाय म्हणे. हे पत्र तोच तुला वाचून दाखवणार, म्हणून मी ते धाडणारच नाही.

सहा वर्षांपूर्वी फ्रान्सात अजिंकूरची लढाई आपण इंग्रज का हरलो, यावर इथल्या गुत्त्यात रोज भांडणं होतात. कुणी चिखलाला शिव्या घालतं, कुणी राजाला. मी पुढचा पेला मागवतो.

आम्हा प्रत्येक तिरंदाजाकडे पुरुषभर उंचीची एक टोकदार मेख होती. ती समोर तिरकी ठोकली, की घोडा अंगावर येत नाही. आठ दिवस ती खांद्यावर वाहिली. लढाईच्या आदल्या रात्री पाऊस थांबेना आणि ऑस्बर्टदादा तापानं फणफणलेला. "जॉस, कुठूनतरी जाळ कर रे," म्हणाला. मी माझी मेख फोडली. आतून कोरडी निघाली.

सकाळी रांगेत दादानं विचारलं, "तुझी मेख कुठाय रे?"

"एका मेखेनं काय होतंय!" मी म्हणालो.

"गाढवा," असं म्हणून तो हसला, आणि स्वतःची उपटून माझ्यासमोर ठोकली.

फ्रेंचांचे घोडे त्याच्या समोरूनच आत शिरले. मग सगळी रांगच फुटली.

दर नाताळाला तुझा निरोप येतो, "शेवटची रात्र तरी ते उबेत झोपले, एवढ्यावर मी जगते." वहिनी, ते खरं आहे. फक्त त्या भिजल्या रानात मला लाकूड कुठून मिळालं, हे कधी विचारू नकोस.

तुझा दीर,
जॉस